अनेक फाईलींमधील माहिती एका टेबलमध्ये आणण्यापूर्वीची तयारी

मूळ फाईलींची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवावी आणि ती फक्त वाचता येईल, बदलता येणार नाही, अशी व्यवस्था करावी. या प्रतीला पुढे कोणत्याही कारणाने हात लावू नये. सीएसव्ही फाईल (मूल्ये स्वल्पविराम किंवा अर्धविरामाने वेगळी केलेली साधी मजकूर फाईल) पाहायची असल्यास ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडावी. एक्सेलमध्ये ती थेट उघडून जतन केल्यास ‘००७३१’ या संकेतांकाचे ‘७३१’ होते, आणि १५ पेक्षा जास्त अंकी क्रमांकातील सोळाव्या अंकापासून पुढचे सर्व अंक शून्य होतात. हे नुकसान नंतर कोणत्याही क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेने, भरून निघत नाही.

त्यानंतर फाईलींची एक नोंदवही तयार करावी. प्रत्येक फाईलपुढे तिचे नाव, नोंदींची संख्या, कॉलमची संख्या, मूल्ये स्वल्पविरामाने वेगळी केली आहेत की अर्धविरामाने, मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे की अक्षरे साठवण्याच्या अन्य पद्धतीत (सांकेतिकीकरणात), आणि एखाद्या महत्त्वाच्या रकमेच्या कॉलमची बेरीज एवढे तरी लिहिलेले असावे. शेवटच्या ओळीत ‘एकूण’ लिहिलेले आहे का, हे डोळ्यांनी पाहावे, कारण ती ओळ टेबलमध्ये गेली की बेरीज दुप्पट होते. नोंदी मोजताना केवळ ओळी मोजून थांबू नये. अवतरणचिन्हांत लिहिलेल्या पत्त्यात किंवा शेऱ्यात नवी ओळ असू शकते आणि मग एकच नोंद दोन-तीन ओळींत पसरते. फाईलमध्ये शीर्षक धरून नेमक्या १०,४८,५७६ ओळी आढळल्या तर ती अपुरी असल्याची दाट शंका घ्यावी, कारण एक्सेलच्या एका शीटची मर्यादाच तेवढी आहे. जुन्या एक्सएलएस प्रकारात हीच मर्यादा ६५,५३६ होती.

आता कॉलम जुळवावेत, आणि या कामाला हवा तेवढा वेळ द्यावा. एका फाईलमध्ये ‘ग्राहक क्र.’, दुसरीत ‘ग्राहक क्रमांक’ आणि तिसरीत ‘कस्टमर आयडी’ असे असते, ते सहज लक्षात येते. खरा धोका क्रमाचा आहे. सिलेक्ट ही टेबलमधून ओळी काढणारी आज्ञा; अशा अनेक सिलेक्टच्या ओळी एकत्र जोडणारे ‘युनियन ऑल’ कॉलमची नावे पाहत नाही, केवळ स्थान पाहते. पहिल्या सिलेक्टमधला तिसरा कॉलम आणि दुसऱ्यातला तिसरा कॉलम एकाखाली एक येतात, मग त्यांची नावे काहीही असोत. माझ्या एका कामात बारा महिन्यांच्या विक्रीच्या फाईली होत्या आणि त्यांपैकी एकीत ‘नग’ आणि ‘दर’ या कॉलमची अदलाबदल झालेली होती. दोन्ही कॉलम संख्येचे असल्याने क्वेरीने हरकत घेतली नाही आणि गुणाकार तोच येत असल्याने रकमेची बेरीजही तंतोतंत जुळली. चूक उघड झाली ती नगांची बेरीज शिलकीशी ताडून पाहताना, कित्येक दिवसांनी. म्हणून क्वेरीत तारांकित सिलेक्ट (सर्व कॉलम एकदम मागणारे ‘*’) कधीही लिहू नये, प्रत्येक कॉलमचे नाव स्वतः लिहावे, आणि नोंदवहीत एकच बेरीज न ठेवता किमान दोन स्वतंत्र कॉलमच्या बेरजा ठेवाव्यात.

अंतिम टेबलमध्ये माहिती थेट भरू नये. आधी एक तात्पुरते टेबल करावे, ज्यात सर्व कॉलम मजकूर प्रकाराचे असतील आणि त्यांच्या जोडीला फाईलचे नाव व त्या फाईलमधील ओळीचा क्रमांक असे दोन जादा कॉलम असतील. मजकूर प्रकारामुळे एखादे चुकीचे मूल्य आले म्हणून भरणा अडत नाही, आणि ते मूल्य आले तसे समोर राहते. या दोन जादा कॉलमविषयी मी आग्रही आहे. एकदा सर्व ओळी एकत्र झाल्या की कोणती ओळ कुठून आली हे सांगण्याचे दुसरे कोणतेही साधन उरत नाही.

तारखा प्रत्येक फाईलनिहाय तपासाव्यात. ‘०३/०४/२०२४’ ही तीन एप्रिल आहे की चार मार्च, हे त्या एका मूल्यावरून ठरत नाही. त्याच फाईलमध्ये पहिला आकडा कुठे १२ च्या पुढे जातो का ते क्वेरीने शोधावे, आणि उत्तर न मिळाल्यास फाईल देणाऱ्याला विचारावे. तारखेच्या जागी ४५२९२ असा आकडा दिसला तर तो एक्सेलचा दिवसांचा अनुक्रमांक असून नेहमीच्या गणनेनुसार तो १ जानेवारी २०२४ होतो. काही फाईली मात्र १९०४ पासूनच्या गणनेवर असतात आणि त्यांत १,४६२ दिवसांचा फरक पडतो. सर्व तारखा वर्ष-महिना-दिवस या एकाच क्रमात आणूनच पुढे जावे.

मूल्यांच्या सुरुवातीच्या व शेवटच्या मोकळ्या जागा ट्रिम या फंक्शनने काढाव्यात, मात्र वेबपानांवरून आलेली अखंड मोकळी जागा (नॉन-ब्रेकिंग स्पेस, दिसायला साध्या जागेसारखीच पण वेगळे चिन्ह) अनेक डेटाबेसमध्ये ट्रिमने जात नाही, ती वेगळी बदलावी लागते. रिकामा मजकूर आणि नल (मूल्यच नसणे) यांतला फरकही आधीच ठरवून घ्यावा.

दुबार नोंदींचा निर्णय क्वेरीवर सोपवू नये. नुसते ‘युनियन’ वापरल्यास तंतोतंत सारख्या ओळी कोणतीही सूचना न देता गळतात, आणि एकाच दिवशी एकाच ग्राहकाने तीच वस्तू दोनदा घेतली असेल तर खरी नोंदही त्यांच्याबरोबर जाते. म्हणून ‘युनियन ऑल’ वापरावे, नोंद कोणत्या कॉलमवरून एकमेव ठरते ते निश्चित करावे, आणि त्या कॉलमवर ग्रुप बाय करून (सारख्या मूल्यांच्या ओळींचे गट पाडून) एकापेक्षा जास्त वेळा आलेल्या ओळी फाईलच्या नावासह काढून पाहाव्यात.

अंतिम टेबलचा बॅकअप घेतल्यानंतरच ‘इन्सर्ट इन्टू’ची, म्हणजे ओळी भरण्याची, क्वेरी चालवावी, तीही ट्रान्झॅक्शनच्या आत, म्हणजे बदल कमिटने कायम किंवा रोलबॅकने रद्द करता येतील अशा प्रकारे. मायएसक्यूएल या डेटाबेसमधील मायआयसॅम प्रकारच्या टेबलवर रोलबॅकचा उपयोग होत नाही, हे आधी पाहून घ्यावे. कमिट करण्यापूर्वी फाईलच्या नावानुसार नोंदींची संख्या व दोन्ही बेरजा काढून त्या नोंदवहीशी ताडाव्यात. ओळी जाणीवपूर्वक वगळल्या असतील तर त्यांची संख्या आणि कारण तिथेच लिहावे. एका फाईलची एक ओळ जरी कमी भरली तरी रोलबॅक करून कारण शोधावे. कमिट झाल्यावरही तात्पुरते टेबल लगेच पुसू नये. नव्या टेबलवरून निघालेला पहिला अहवाल वापरणाऱ्यांनी तपासून होईपर्यंत ते राहू द्यावे.