वेग वाढला की स्टेपर अडखळायचा, त्याची गोष्ट

सीएनसी राउटरचा (संगणकाच्या आज्ञेवर कोरणाऱ्या यंत्राचा) एक्स अक्ष, म्हणजे एका दिशेने सरकणारा भाग, हळू चालवला की गुपचूप काम करायचा. वेग वाढवला की मोटर नुसती किंचाळायची आणि शाफ्ट जागच्या जागी. मोटर स्टेपर, म्हणजे पावलापावलाने फिरणारी, नेमा २३ मापाची; फेजला (एका कॉइलला) २.८ अँपिअर, रोध ०.९ ओहम. गुणाकार जेमतेम अडीच व्होल्ट, म्हणजे २४ व्होल्टचा सप्लाय चैनच वाटते. पण तो हिशेब उभ्या मोटरचा. पळताना कॉइलमधला करंट सतत उलटवावा लागतो आणि इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइलचा विरोध) आडवा येतो. करंट पुरता चढायच्या आत पुढचं पाऊल येतं, टॉर्क गळतो. तिथे व्होल्टेजच कामाला येतं.

कमाल व्होल्टेजचा ठोकताळा: मिलिहेन्रीतल्या इंडक्टन्सचं वर्गमूळ गुणिले ३२. माझ्या २.५ मिलिहेन्रीला ५० च्या आसपास. ड्रायव्हरची (मोटरला करंट पुरवणाऱ्या सर्किटची) मर्यादाही ५० व्होल्टच, आणि मोटर थांबताना ऊर्जा उलटी सप्लायवर येते, तिला वाव हवा. म्हणून ३६ चा सप्लाय जोडला. अक्ष सुसाट पळाला.

ड्रायव्हरवरच्या डिप स्विचच्या (करंट ठरवणाऱ्या छोट्या खटक्यांच्या) तक्त्यात करंटचा आकडा पीक (कमाल) आहे की आरएमएस (परिणामी सरासरी), ते नीट पाहा, नाहीतर मोटर उगाच तापते. आणि सप्लाय चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर जातो.