चित्र करून घेताय? कागदावर मुदत लिहा

करार केला होता हो! अगदीच कोरा नव्हतो मी. माझ्या मालाच्या लेबलासाठी चित्र काढून घेतलं तेव्हा चित्रकाराच्या सहीचा कागद फायलीला लावला होता. त्यात 'या चित्राचे सर्व हक्क मी कायदेशीररीत्या देत आहे' असं ठसठशीत वाक्य होतं आणि त्या वाक्याच्या भरवशावर मी पाच वर्षं निवांत होतो. सहाव्या वर्षी वकिलांनी तो कागद दोनदा उलटापालटा करून विचारलं, "मुदत कुठंय?" मी म्हटलं, सर्व हक्क दिलेत ना, मुदत कशाला? त्यावर त्यांनी कॉपीराइट कायदा, १९५७ यातलं कलम १९(५) पुढ्यात ठेवलं. हस्तांतराची मुदत लिहिलेली नसेल तर ती करारापासून पाच वर्षं धरायची. म्हणजे माझ्या लेबलावरचं चित्र आधीच चित्रकाराकडे परत गेलं होतं. मधल्या काळात त्याने ते एका कॅलेंडरसाठी दुसऱ्याला दिलंही होतं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्याच लेबलासाठी मी दुसऱ्यांदा पैसे मोजले. पुन्हा असं होऊ नये म्हणून ही यादी.

काम सांगण्याआधी एक समज डोक्यातून काढा: पैसे मी दिले म्हणजे चित्र माझं. कलम १७ प्रमाणे पहिला मालक निर्माता. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून काढलं तर चित्राचा मालक त्याला पगार देणारा धनी, हे खरं. पैसे देऊन सांगून करून घेतलेला फोटो, रंगचित्र, व्यक्तिचित्र, कोरीवकाम किंवा चित्रपट असेल आणि वेगळा करार नसेल, तर करून घेणारा मालक, हेही खरं. पण ती यादी नीट वाचा. कायद्याच्या व्याख्येत रंगचित्र आणि रेखाटन हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि करून घेणाऱ्याला मालकी देणाऱ्या ओळीत रेखाटन नाही. मग तुमचा लोगो, संगणकावर काढलेलं चित्र, लेबलावरची नक्षी कशात बसते? यावर वकील वाद घालू शकतात, आणि वकिलांचा वाद तुमच्या खर्चाने चालतो. वाद नको असेल तर लेखी हस्तांतर घ्या. हे झालं सगळ्यांना माहीत असलेलं. मलाही माहीत होतं. मुदत माहीत नव्हती.

ॲडव्हान्स देण्याआधी विचारा की प्रत्यक्ष काढणार कोण. एजन्सीकडे काम दिलंत आणि तिने ते बाहेरच्या फ्रीलान्सरला दिलं, तर हक्क आधी फ्रीलान्सरकडून एजन्सीकडे यायला हवेत, मग तुमच्याकडे. जो हक्क एजन्सीकडे नाहीच तो ती तुम्हाला कुठून देणार? दोन्ही कागद मागा. आणि फ्रीलान्सरच्या कागदावर मुदत आहे का ते बघा. तिथे पाच वर्षं आणि तुमच्या कागदावर जन्मभर असेल, तर तुमचा जन्मभर पाच वर्षांचाच. चित्रात विकतचे फॉन्ट, स्टॉकमधले (म्हणजे तयार चित्रांच्या साठ्यातून घेतलेले) तुकडे, एआयने काढलेले भाग किती आहेत तेही आधीच लिहून घ्या. फायनल झाल्यावर हे विचारलं की माणसं चिडतात.

आता कागद. हस्तांतर लेखीच लागतं आणि त्यावर हक्क देणाऱ्याची, म्हणजे चित्रकाराची किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाची सही लागते. व्हॉट्सॲपवरचा 'ओके सर' पुरत नाही. बिलावर 'कॉपीराइटसह' लिहून स्वतःच सही करणारे महाभाग मी पाहिलेत. तुमची सही असेल तर असू दे, त्याची हवी. कायदा कागदात काय असावं तेही सांगतो: कोणतं चित्र, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, किती मोबदला. 'लेबलाचं डिझाइन' एवढंच लिहू नका, फायनल झालेल्या चित्राची छापील प्रत जोडा आणि तिच्यावरही सही घ्या. करार आधी केला तरी हस्तांतर लागू होतं ते चित्र जन्माला आल्यावर, म्हणून काम पूर्ण झाल्यावर एक छोटा पूरक कागद करून टाका.

प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतात. माल बाहेर पाठवायचा विचार कधीतरी मनात येणारच, आत्ताच 'संपूर्ण जग' लिहा. माध्यमांचंही तसंच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवहारात वापरात नव्हतं, ते नाव घेऊन लिहिल्याशिवाय हस्तांतरात येत नाही. छपाई, वेबसाइट, ॲप, व्हिडिओ, जे सुचेल ते लिहून काढा.

आणि मुदत. मुदत! 'कायमस्वरूपी' हा शब्द ऐकायला बरा वाटतो, पण त्यावर थांबू नका. 'कॉपीराइटच्या संपूर्ण कायदेशीर मुदतीसाठी' असं लिहा. चित्राच्या बाबतीत ती चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असते. चित्रकार एवढ्याला तयार नसेल तर दहा वर्षं लिहा, पंधरा लिहा, पण आकडा लिहा. जागा रिकामी ठेवलीत तर तिथे कायदा पाच लिहितो. 'सर्व हक्क', 'संपूर्ण हक्क', 'अनन्य हक्क' या शब्दांत वर्षं नसतात. माझ्या कागदावर हे तिन्ही शब्द होते.

सगळे हक्क खरंच हवेत का, हेही विचारा स्वतःला. एका हंगामाच्या पाकिटासाठी चित्र हवं असेल तर परवाना, म्हणजे मालकी न घेता फक्त वापरायची परवानगी घ्या, तो स्वस्त पडतो आणि चित्रकाराचंही पोट चालतं. मात्र परवान्यालाही मुदतीचे आणि प्रदेशाचे हेच नियम लागतात. म्हणजे तिथेही, होय, मुदत.

अजून एक खाच आहे. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपला असं धरतात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. चार चित्रं करून घेतली, एक छापलं, तीन 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून ठेवली, तर ती तीन गेली. 'वर्षभरात वापर न केल्यास हक्क संपुष्टात येणार नाहीत' ही ओळ घाला.

किती पैसे मोजले तरी एक गोष्ट विकत मिळत नाही. चित्राखाली आपलं नाव असावं आणि आपली अब्रू जाईल अशी मोडतोड होऊ नये, हा हक्क कलम ५७ प्रमाणे हस्तांतरानंतरही निर्मात्याकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं, तेव्हा २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, उरलेले तुकडे परत द्यायला लावले आणि पाच लाखांची भरपाईही. शिल्प सरकारनेच करून घेतलं होतं. तेव्हा रंग बदलणं, कापणं, आडवं करणं यांना चित्रकाराची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा.

बाकीचं भराभर. ओपन फाइल, म्हणजे बदल करता येतील अशी मूळ संगणक फाइल मागून घ्या, पण ओपन फाइल हाती आली म्हणजे हक्क आला असं नाही. कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचं आकारांत रूपांतर केलेली प्रतही घ्या. शेवटचा हप्ता सही झाल्यावर. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, करणार असाल तर मालावर वापरायच्या चित्राला ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं प्रमाणपत्र आधी लागतं. ट्रेडमार्क नोंदला म्हणजे चित्राचा कॉपीराइट मिळाला असं नाही. कापडावर किंवा कपावर नक्षी छापणार असाल आणि ती डिझाइन म्हणून नोंदण्याजोगी असेल, तर बाजारात आणण्याआधी डिझाइन कायद्याखाली नोंदवा. न नोंदता कारखान्यात पन्नासपेक्षा जास्त नग काढले की तिच्यातला कॉपीराइट जातो. मूळ कागद ऑफिसात, एक प्रत घरी.

जुने करार असतील तर आज बाहेर काढा, तारखा बघा, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तारखेत पाच मिळवा. पाच व्हायला अजून वेळ असेल तर आत्ताच चित्रकाराला फोन करा.