एका क्लायंटमधून दुसऱ्यात जाताना मधली दोन मिनिटं

अकाउंट्सचं काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, ७ तारखेपर्यंत टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी ही जीएसटीची रिटर्न, आणि या सगळ्याच्या मधे दिवसभर फोन. एकाचं बँक रिकन्सिलिएशन (रिको, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आपल्या हिशोबाशी जुळवणं) अर्धवट टाकून दुसऱ्याचं बिल बघायचं, तेवढ्यात तिसरा विचारतो माझं रिफंडचं काय झालं. मागे एकदा अशाच गडबडीत मी टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका क्लायंटची एन्ट्री दुसऱ्याच्याच कंपनीत मारली, दोन्ही कंपन्या एकदम उघड्या होत्या, आणि तो फरक शोधण्यात अख्खी दुपार गेली. तेव्हापासून काम बदलताना मी दोन मिनिटं काढतेच.

आपण सगळे नवीन काम सुरू कसं करायचं याचाच विचार करतो, पण खरी गोची जुनं काम नीट न मिटल्यामुळे होते. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये यावर पेपर लिहिला होता, की आधीचं काम अपुरं राहिलं की लक्षाचा थोडा भाग तिथेच चिकटून राहतो आणि पुढच्या कामात आपण अर्धेच असतो. थांबण्याआधी 'परत आल्यावर कुठून सुरू करायचं' एवढं लिहून ठेवलं तर हे कमी होतं, हेही त्यांच्याच नंतरच्या अभ्यासातून पुढे आलं.

म्हणून उठायच्या आधी वहीत एकच ओळ लिहायची. "बँक रिको बाकी आहे" असं लिहून काही उपयोग नाही, ते तर माहितीच असतं. माझी ओळ अशी असते: "१४ ऑगस्टपर्यंत टिक झालं, १८,५०० चा चेक पासबुकात दिसत नाही, आधी तो विचारायचा." हे वाचलं की परत आल्यावर दहा मिनिटं स्टेटमेंट वरखाली करत बसावं लागत नाही, आणि मुख्य म्हणजे तो चेक डोक्यात घोळत राहत नाही.

मग टॅलीत ती कंपनी बंद करायची, मिनिमाइझ नाही, बंद. त्या क्लायंटची फाइल टेबलावरून उचलून मागच्या रॅकवर, त्याच निमित्ताने उठायचं, पाणी प्यायचं. या वेळात मोबाइल अजिबात हातात घ्यायचा नाही, कारण व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की ते तिसरंच काम सुरू होतं.

नवीन फाइल उघडली की मोठ्याने बोलायचं: क्लायंटचं नाव, महिना, कुठलं रिटर्न. रेल्वेत लोको पायलट आणि असिस्टंट सिग्नल दिसला की हात दाखवून एकमेकांना तो बोलून दाखवतात ना, तसंच. बोलताना स्क्रीनवरच्या नावाकडे बघावंच लागतं, आणि चुकीची कंपनी उघडली असेल तर तिथेच पकडली जाते. ऑफिसात माणसं असतील तर पुटपुटा, चालतं.

आता फोन आला तर दोन मिनिटं कुठून आणायची? नाही मिळत. तेव्हा मी फोन उचलता उचलता पेन्सिलने स्टेटमेंटवर जिथे आहे तिथे आडवी रेघ मारते आणि समोरच्याला म्हणते, "दादा, एक मिनिट धरा हं, हातातलं ठेवते." आजपर्यंत यावर कोणी रागावलेलं नाही.