चवथीआधी लावून ठेवायची डिस्क

भजनी मंडळाची ध्वनिमुद्रणं, घुमट आरत्या, जत्रेतल्या नाटकांची चित्रणं असं सगळं गावच्या ग्रंथालयातल्या लिनक्स संगणकावर जमा करायचं असेल, तर बाहेरच्या डिस्क आपोआप माउंट व्हायची (म्हणजे जोडून फोल्डरसारख्या उघडता यायची) सोय चवथीच्या आधीच करून ठेवावी. त्या दिवसांत मुलं घरोघरच्या आरत्या मुद्रित करून पेनड्राइव्ह घेऊन दारात उभी असतात. टर्मिनल उघडून बसायला तेव्हा कुणालाच सवड नसते.

सगळ्यात आधी घरची डिस्क आणि पाहुणी डिस्क वेगळी करा. संग्रहाची कायमची हार्डडिस्क घरची; पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याची कार्डं पाहुणी. एफस्टॅबमध्ये (/etc/fstab, कोणती डिस्क कुठे माउंट करायची याची यादी असलेली फाइल) नोंद फक्त घरचीची करायची. येणाऱ्या प्रत्येक पेनड्राइव्हसाठी तिथे एकेक ओळ वाढवत गेलं, तर वर्षभरात ती फाइल कुणालाच वाचता येणार नाही.

घरची डिस्क नवी असेल तर ती ईएक्सटी४ (ext4) या लिनक्सच्या फाइलसिस्टममध्ये फॉरमॅट करा. तिला जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही असते, त्यामुळे पावसात मध्येच लाइट गेली तरी फाइलसिस्टमची रचना सावरण्याची शक्यता बरीच जास्त असते. (यूपीएस तरीही हवाच.) तीच डिस्क विंडोजवरही न्यायची असेल तरच एक्सफॅट घ्या. फॅट३२ नको, कारण त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही आणि रात्रभर चाललेल्या नाटकाचं चित्रण ती मर्यादा सहज ओलांडतं.

मग एलएसबीएलके ही आज्ञा एफ पर्यायासह (lsblk -f) चालवून डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहून घ्या. लिनक्स डिस्कना देतं त्या एसडीबी, एसडीसी या नावांवर विसंबू नका. ती कोणती डिस्क आधी सापडली यावर ठरतात, उद्या बदलतील. यूयूआयडी मात्र पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत तोच राहतो. एफस्टॅबची एक प्रत बाजूला ठेवा आणि मगच त्यात ओळ घाला.

त्या ओळीतले पर्याय नीट निवडा, कारण अडचणी इथेच होतात. ‘नोफेल’ (nofail) हवाच. तो नसेल आणि डिस्क जोडलेली नसेल, तर सिस्टमडी (लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) साधारण ९० सेकंद वाट पाहून संगणक आणीबाणीच्या कन्सोलवर नेऊन ठेवतं. ग्रंथालय उघडायला आलेल्या माणसाने त्या काळ्या पडद्यापुढे काय करायचं? त्याच्या जोडीला ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ (x-systemd.automount) घाला, म्हणजे फोल्डरला हात लावला की त्या क्षणी डिस्क माउंट होते. ‘एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट’ (x-systemd.device-timeout) १० सेकंदांवर आणा, नाहीतर डिस्क नसताना तो फोल्डर उघडणारा माणूस उगाच खोळंबून राहील. ऑटोमाउंटचा आणखी एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो. साध्या माउंटमध्ये डिस्क नसली तरी तिच्या जागचा रिकामा फोल्डर असतोच. प्रत काढणारी स्क्रिप्ट सगळं मुद्रण त्या फोल्डरात, म्हणजे संगणकाच्याच डिस्कवर ओतत राहते आणि संग्रह सुरक्षित झाला असं सगळे समजतात. ऑटोमाउंट असेल तर तिथे लिहायला गेल्यावर त्रुटी येते आणि घोटाळा लगेच कळतो.

एक्सफॅटला लिनक्सची मालकी-परवानगी ठाऊक नसते. तेव्हा युआयडी, जीआयडी आणि युमास्क (uid, gid, umask: मालक, गट आणि परवानग्या) त्याच ओळीत द्या, नाहीतर फाइली रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या नावावर जातात आणि कार्यकर्त्याला त्या बदलता येत नाहीत. ईएक्सटी४ला हे पर्याय चालत नाहीत. तिथे माउंट झाल्यावर एकदा चोन (chown) ही आज्ञा चालवून मालकी द्यायची. शेवटी ‘फाइंडएमएनटी’ला व्हेरिफाय पर्याय देऊन (findmnt --verify) एफस्टॅब फाइल तपासा आणि सिस्टमसीटीएलने डीमन-रिलोड करा (systemctl daemon-reload), म्हणजे सिस्टमडी ती नव्याने वाचेल.

पाहुण्या पेनड्राइव्हचं काम युडिस्क्सवर (udisks, डिस्क माउंट करून देणारी सेवा) सोपवा. ग्नोम किंवा एक्सएफसीईसारखा डेस्कटॉप असेल तर फक्त सेटिंग पाहायची. हलका विंडो मॅनेजर असेल तर युडिस्की (udiskie, युडिस्क्सकडून आपोआप माउंट करवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) लॉगिनबरोबर सुरू होईल असं करा. पेनड्राइव्ह डेबियन-उबुंटूवर /मीडियाखाली, फेडोरावर /रन/मीडियाखाली वापरकर्त्याच्या नावाने दिसेल. माउंट झाल्यावर त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालवायची सोय असेल तर ती बंदच ठेवा.

एक्सफॅट लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) आवृत्ती ५.७ पासून नीट चालतं, विंडोजच्या एनटीएफएस डिस्कसाठीचा एनटीएफएस३ हा ड्रायव्हर ५.१५ पासून आहे, म्हणून जुन्या संगणकावर आवृत्ती बघून घ्या. विंडोजवरून नीट बंद न होता आलेली एनटीएफएस डिस्क लिनक्स कधी जोडतच नाही, कधी नुसती वाचू देते. तिथे जबरदस्तीचा पर्याय वापरू नका. ती परत विंडोजला लावून चेकडिस्क (chkdsk) ही तपासणी चालवा, संगणक पूर्ण बंद करा आणि मग आणा.

डिस्क काढायची पद्धत कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवा. कॉपीची पट्टी पूर्ण भरली म्हणजे सगळं डिस्कवर उतरलं असं नसतं. बराच मजकूर अजून मेमरीत असतो. आधी अनमाउंट, मग पॉवर-ऑफ, मग केबल. ‘डिव्हाइस बिझी’ आलं तर एलएसओएफ (lsof) या आज्ञेने कोणता प्रोग्रॅम अडून बसलाय ते पाहा, ओढून काढू नका.

आता रंगीत तालीम. डिस्क काढून संगणक रीस्टार्ट करा, तो लॉगिनपर्यंत आला पाहिजे. डिस्क जोडून फोल्डर उघडा, एक मुद्रण त्यात टाका, डिस्क नीट काढा, दुसऱ्या संगणकावर लावून ते मुद्रण शेवटपर्यंत ऐका. मग हेच सगळं मंडळातल्या दुसऱ्या कुणाकडून, तुम्ही शेजारी नसताना, करून घ्या.