व्होल्टेज-करंटवरून रोध आणि पॉवर काढताना या चुका टाळा

भाच्याने ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब होल्डरमधून काढला आणि त्याचा रोध (रेझिस्टन्स) बघायला मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट आणि रोध मोजणारा मीटर, लावला. मीटरवर आले ६५ ओहम. मग पॉवर काढायला घरातल्या २३० व्होल्टचा वर्ग भागिले ६५, म्हणजे ८१४ वॅट! वही माझ्यापुढे टाकून तो मीटरच्या नावाने बोटं मोडत बसला. मीटरचा बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता, आकडेमोडही बरोबर होती. त्याने थंड बल्बचा रोध घेतला आणि पेटलेल्या बल्बचं व्होल्टेज घेतलं, एवढाच घोळ.

पेटल्यावर टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तिचा रोध दहा-पंधरा पटींनी वाढतो. त्यामुळे चालू बल्बचा रोध चालू बल्बच्याच आकड्यांवरून काढायचा. ६० वॅटला २३० ने भागलं की करंट ०.२६ अँपिअर, आणि २३० भागिले ०.२६ म्हणजे साधारण ८८० ओहम. बाकी त्या ६५ ओहमलाही अर्थ आहे बरं का. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी बल्ब साडेतीन अँपिअरपर्यंत करंट ओढू शकतो. बल्ब बहुतेक वेळा लावतानाच का उडतो, ते इथे कळतं.

सूत्रं दोनच आहेत: रोध म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, आणि पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. भाच्याचं वर्गाचं सूत्रही या दोन्हींतूनच निघतं. ती चुकत नाहीत. चुकतं ते हे, की कुठल्या दोन टोकांमधलं व्होल्टेज, कुठल्या तारेतला करंट आणि कुठल्या क्षणीचा, हे आपण विचारतच नाही.

एलईडीच्या बाबतीत हे लगेच अंगाशी येतं. १२ व्होल्टची बॅटरी, ३ व्होल्टची पांढरी एलईडी, करंट २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर हवा. आता करंट आवरायला मध्ये लावायचा रेझिस्टर किती ओहमचा? एकजण १२ ला ०.०२ ने भागून ६०० म्हणतो. चूकच आहे, पण एलईडी जरा मंद पेटेल इतकंच. दुसरा ३ ला ०.०२ ने भागून १५० लावतो. त्याची एलईडी ६० मिलिअँपिअर खाऊन थोड्याच वेळात मान टाकते. रेझिस्टरच्या दोन टोकांवर असतात १२ वजा ३, म्हणजे ९ व्होल्ट, म्हणून उत्तर ४५० ओहम. दुकानात ४७० चा मिळतो, तो घ्या. त्याच्यावर ०.१७ वॅट उष्णता होते. पाव वॅटचा चालतो, पण चांगलाच गरम होतो. मी अर्ध्या वॅटचाच लावतो.

मिलिअँपिअर तसाच सूत्रात टाकला तर ९ भागिले २० म्हणजे ०.४५ येतं आणि पोरं अर्ध्या ओहमचा रेझिस्टर शोधत फिरतात. व्होल्टला मिलिअँपिअरने भागलं की उत्तर किलो-ओहममध्ये येतं, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

गिझरवर २००० वॅट लिहिलेलं असतं, पण ते २३० व्होल्टला. त्याच्या कॉइलचा रोध २६.५ ओहम. ही तार बल्बसारखी रंग बदलत नाही, गरम झाली तरी रोध फारसा हलत नाही, म्हणून सप्लाय पूर्ण तोडून थंडपणी मोजला तरी चालतो. आता संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं. पुष्कळ जण १८० ला नेहमीच्या ८.७ अँपिअरने गुणतात आणि १५६६ वॅट सांगतात. पण व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो, तो होतो ६.८. खरी पॉवर सव्वाबाराशे वॅट. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापायला एरवी १६ मिनिटं लागतात, तिथे आता २६ लागतील. अशा वेळी कॉइल बदलायला माणूस बोलावू नका, आधी व्होल्टेज बघा.

विहिरीवरच्या पंपाला मात्र हा हिशेब लावायचा नाही. तिथे उलट होतं. व्होल्टेज पडलं तरी पाणी ओढायचं काम तेवढंच राहतं, त्यामुळे मोटर जास्त करंट घेते आणि वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, जळतं. मोटरचा रोध ओहमवर मोजून २३० ला त्याने भागण्यातही अर्थ नाही. वाइंडिंगचे ३ ओहम आले, तर ७७ अँपिअर खरे मानायचे का? फिरती मोटर स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते, ते या भागाकारात कुठेच येत नाही.

मोटरच्या व्होल्टेज-करंटच्या गुणाकारालाही थेट वॅट म्हणू नका. २३० व्होल्ट आणि ६ अँपिअर म्हणजे १३८० व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खऱ्या वॅटचा हिस्सा, ०.८ असेल तर वॅट ११०४. आणि एक एचपीचे (हॉर्सपॉवरचे) ७४६ वॅट हे शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यावर मिळणारे, विजेच्या मीटरवरून जाणारे नव्हेत. थ्री-फेज मोटर असेल तर दोन फेजमधलं व्होल्टेज गुणिले करंट याला आणखी १.७३ ने गुणायला विसरू नका.

मीटर लावतानाच्या चुका तर जिवावर बेततात. मीटर ओहमच्या रेंजवर असताना त्याचे प्रोब, म्हणजे टोकदार तारा, चालू सर्किटला लावायचे नाहीत. करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकातच राहिला आणि तोच सॉकेटमध्ये घातला, की सरळ शॉर्ट. माझा एक मीटर असाच गेला. घरच्या लाइनवर करंट मोजायला क्लॅम्प मीटरच वापरा, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा धरायचा मीटर, आणि क्लॅम्पमध्ये एकच तार घ्या. अख्खी केबल धरली तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. गिझरच्या फेज आणि न्यूट्रल तारा एकत्र धरूनही शून्य आलं नाही, तर करंट अर्थिंगमधून गळतोय. गिझर लगेच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.