स्वतःशी प्रामाणिक राहताना या चुका टाळा

स्वतःची फसवणूक करणारा माणूस घडलेली गोष्ट सहसा नाकारत नाही. तिचे कारण मात्र सोयीने निवडतो. ठाण्यात घोडबंदर रोडवर राहणारा कर्मचारी कामावर उशिरा पोहोचल्याचे मान्य करतो आणि वाहतूक कोंडीकडे बोट दाखवतो. कोंडी खरीच असते, पण ती रोजचीच असल्यामुळे उशिराचे कारण घरातून निघण्याच्या वेळेत शोधावे लागते. सांगितलेले कारण खोटे नाही, एवढ्यावर समाधान मानणे ही पहिली चूक. हीच सबब हाताखालच्या माणसाने सांगितली असती तर आपण ती चालवून घेतली असती का, हे पाहावे.

दुसरी चूक सहज लक्षात येत नाही: केलेल्या गोष्टीला साजेल असे स्वतःचे मतच आपण नकळत बदलतो. लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांकडून अत्यंत कंटाळवाणे काम करून घेतले आणि ते मजेचे असल्याचे पुढच्या व्यक्तीला सांगण्यासाठी काहींना १, तर काहींना २० डॉलर दिले. नंतर ते काम कसे वाटले असे विचारल्यावर १ डॉलर मिळालेल्यांनीच त्याला अधिक पसंती दिली. खोटे बोलण्यासाठी पुरेसे कारण हाती नसल्यामुळे त्यांनी स्वतःचे मतच बदलले, असा याचा अर्थ संशोधकांनी लावला. वागळे इस्टेटमधल्या नोकरीत वर्षानुवर्षे पगार वाढत नसताना ‘पैशाचे काय एवढे, इथली माणसे चांगली आहेत’ असे कोणी म्हणतो, तेव्हा ते खरेही असू शकते. पण ते ताडून पाहायचे असेल तर रुजू होतानाच आपल्या अपेक्षा तारखेसह लिहून ठेवलेल्या असाव्यात. आठवणीवर विसंबू नये, कारण घेतलेला निर्णय स्वतःला पटवताना आठवणही त्याच बाजूला झुकते.

‘मी आळशीच आहे’ ही कबुलीसुद्धा बहुधा पळवाट असते. स्वभावालाच दोष दिला की उद्या काय बदलायचे हा प्रश्नच उरत नाही, आणि वर प्रामाणिकपणाचे समाधानही मिळते. त्यापेक्षा ‘उपवन तलावावर फिरायला जायचे ठरवूनही गेलो नाही, कारण रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहत होतो’ असे नेमके लिहावे.

अर्थात, रोज स्वतःची उलटतपासणी घेण्याची गरज नाही. जिथे पैसा, आरोग्य किंवा घरच्यांचा वेळ गुंतलेला आहे, तिथेच नोंद ठेवावी आणि ती घरातल्या कोणाला तरी वाचू द्यावी. आपल्या सबबी त्यांना केव्हाच पाठ झालेल्या असतात.