शेअरपॉइंटवरची टीम साइट कशी सांभाळावी

विभागासाठी शेअरपॉइंटवर, म्हणजे फायली एकत्र ठेवून वापरण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेवर, टीम साइट (गटाची सामायिक जागा) उघडणे हे दहा मिनिटांचे काम आहे. ती दोन वर्षांनंतरही वापरण्याजोगी राहावी, यासाठी मात्र ते काम कोणाच्या तरी नावावर असावे लागते. म्हणून प्रत्येक साइटला किमान दोन मालक नेमावेत, आणि त्यांपैकी एक तरी रोज त्या फायली हाताळणारा असावा. एकुलता एक मालक नोकरी सोडून गेला, की नव्या सहकाऱ्याला प्रवेश देण्यासारख्या किरकोळ कामासाठीही आयटी विभागाकडे खेटे घालावे लागतात.

साइट बिघडते ती जागेअभावी क्वचितच. बहुतेकदा ती परवानग्यांच्या गुंत्यामुळे बिघडते. मालक, सदस्य आणि अभ्यागत असे तीन गट साइटसोबत तयारच मिळतात. सदस्यांना फायली बदलताही येतात आणि पुसताही येतात, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात नसते; ज्यांना केवळ वाचायचे आहे, त्यांना अभ्यागतांतच ठेवावे. परवानगी शक्यतो व्यक्तीला न देता गटाला द्यावी. एखादे फोल्डर चौघांपुरते, दुसरे सहा जणांपुरते असे करत गेल्यास वर्षभरात कोणाला काय दिसते हे मालकालाही सांगता येत नाही, त्यामुळे वेतनासारखी गोपनीय कागदपत्रे असतील तर त्यांच्यासाठी सरळ वेगळी साइट करावी.

लिंकांचे प्रकरण याहून नाजूक आहे. मी पूर्वी काम करत असलेल्या एका कार्यालयात दरपत्रकाची फाइल बाहेरच्या सल्लागाराला दोन दिवसांसाठी म्हणून ‘कोणीही उघडू शकेल’ अशा लिंकने पाठवली होती. दीड वर्षानंतर फाइल कोणाला उघडता येते हे दाखवणारे ‘मॅनेज अ‍ॅक्सेस’ उघडून पाहिले, तेव्हा ती लिंक चालूच होती. असे दुवे लॉगिन न करता उघडतात आणि कोणालाही पुढे पाठवता येतात. त्यामुळे बाहेरच्या माणसाला ठरावीक व्यक्तींपुरतीच लिंक द्यावी, आणि खुली लिंक देणे अटळच असेल तर तिला मुदत घालावी. दर तिमाहीला ‘साइट युसेज’ पानावरून बाहेरच्यांशी शेअर केलेल्या फायलींचा अहवाल काढून कालबाह्य लिंका काढून टाकाव्यात.

फायलींच्या बाबतीत ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘नवीन फायनल सुधारित’ ही भावंडे एकत्र नांदू देऊ नयेत. एकाच फाइलच्या जुन्या आवृत्त्या लायब्ररी, म्हणजे साइटवरचा फायलींचा संग्रह, आपोआप जपते. त्यांची मर्यादा सहसा ५०० असते, मात्र त्या साइटच्या जागेत मोजल्या जातात. फोल्डरात फोल्डर घालत जाण्याऐवजी वर्ष, प्रकल्प, स्थिती असे स्तंभ करावेत. यादी ५,००० नोंदींच्या पुढे गेली की गाळणी (फिल्टर) अडू लागते, म्हणून ज्या स्तंभांवर शोध घ्यायचा त्यांना आधीच इंडेक्स (शोध सोपा करणारी सूची) लावावा.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक युक्ती सांगतो. लायब्ररी तयार करताना तिला प्रथम रोमन लिपीतले आखूड नाव द्यावे आणि मग ते बदलून मराठी करावे. पत्त्यात पहिलेच नाव राहते. थेट देवनागरी नाव दिल्यास कॉपी केलेल्या पत्त्यात प्रत्येक अक्षरचिन्हाची टक्केचिन्हांसह नऊ चिन्हे होतात आणि ईमेलमध्ये भलीमोठी शेपटी लोंबते. स्तंभांनाही हाच नियम लावावा.

पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये एकूण ९३ दिवस राहते, आणि वापरणाऱ्याने आपल्या बिनमधूनही ती काढली तरी त्या मुदतीत प्रशासकाला दुसऱ्या टप्प्यातून, म्हणजे फक्त त्याला दिसणाऱ्या बिनमधून, ती परत आणता येते. लॅपटॉपवर सिंक केलेले (साइटशी सतत जुळते राहणारे) फोल्डर ही स्वतःची प्रत आहे असे समजून कोणी रिकामे केले, तर ते सर्वांसाठीच रिकामे होते. नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगावे. अशा वेळी मालकाला संपूर्ण लायब्ररी मागील ३० दिवसांतील एखाद्या क्षणापर्यंत मागे नेता येते, पण त्या क्षणानंतर इतरांनी केलेले बदलही त्याबरोबर मागे जातात, हे आधी सर्वांना कळवावे.

प्रकल्प संपल्यावर साइट लगेच पुसू नये. सदस्यांना अभ्यागत करावे, बाहेरच्या लिंका बंद कराव्यात आणि कागदपत्रांसाठी कोणाला विचारायचे ते मुखपृष्ठावर लिहावे. पुसायचीच झाली, तर तिच्याशी जोडलेल्या मायक्रोसॉफ्ट ३६५ गटाबरोबर (टीमच्या सामायिक खात्याबरोबर) सामायिक मेलपेटी आणि प्लॅनर या कामांच्या यादीतील कामेही जातात, आणि तो गट परत आणायला ३० दिवसच मिळतात.